नागपूरच्या रस्त्याने जगाकडे

आदिलाबादहून उत्तरेकडे जाणारा रस्ता पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत नागपूरला पोहोचतो. आपण त्याला अजूनही सात नंबरचा हायवे म्हणतो. सरकारी कागदावर तो आता ४४ क्रमांकाचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट आपल्या जिल्ह्यातून वेगळे झाले, पण लग्नकार्य, दवाखाना आणि शिक्षणासाठी आपल्या घरांचे नागपूरला जाणे-येणे सुटले नाही. म्हणून नागपूरचा एक सायकलपटू जगात नाव काढतो, तेव्हा तो आपल्याला घरचाच वाटतो.

मराठी माणसाला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. मात्र परदेशी रस्ते बरेच उशिरा गाठले गेले. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली आणि त्यानंतर काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. एकट्या स्पर्धकाला त्यासाठी बारा दिवसांची मुदत असते. वाळवंट, रॉकी पर्वत, मग न संपणारी मैदाने. घड्याळ सतत चालू, त्यामुळे झोपेचाही हिशेब ठेवावा लागतो. पुढच्याच वर्षी समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरही शर्यतीत कापले.

२०१८ मध्येच पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विसाव्या वर्षी सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंग्लंडमध्ये शिकत असतानाच तिने हा बेत आखला. वाटेत स्पेनमध्ये तिला लुटण्यात आले, कॅनडात अस्वल मागे लागले, तरी तिने सायकल सोडली नाही.

यांतल्या डॉक्टरांची आधी वैद्यकी होती, मग सायकल. व्यावसायिक शर्यतीचा हिशेब उलटा आहे. युरोपात सतरा-अठरा वर्षांची मुले ज्युनिअर गटात धावतात, मग तेवीस वर्षांखालच्या गटात, आणि तिथून कॉन्टिनेंटल संघ त्यांना निवडतात. बंगळुरूचा नवीन जॉन २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशा संघात पोहोचला, तेव्हा तो तिशीत आला होता.

मुलगा दहावीत सायकलकडे वळला की आपण म्हणतो, आधी शिक्षण पूर्ण कर, मग बघू. या सल्ल्यामागे काळजी असते, पण या खेळात ‘मग’ म्हणेपर्यंत वय निघून जाते. शिक्षण सोडावे असे कुणी म्हणणार नाही. मात्र पहाटे हायवेवर सरावाला निघालेल्या मुलामागे वडिलांनी मोटारसायकल घेऊन जावे, एवढे तर आपल्याला जमेल. समर्थ आणि महाजन यांच्या मागेही अमेरिकेत मदतीची गाडी होतीच.