बर्फातलं दगडी बेट

आपल्या जोयडा तालुक्यात दिग्गीजवळ काळी नदी उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. त्याच किनाऱ्यावर थोडं वर गेलं की गोवा. तिथूनच ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्याबरोबर पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिकाला निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला पोचली. एकूण २१ माणसं. त्यांत बाई एकही नाही.

तिथल्या शिर्माखर टेकड्या म्हणजे बर्फाच्या समुद्रातलं एक दगडी बेटच. सुमारे ३५ चौरस किलोमीटर उघडा खडक आणि मधे तळी. १९३९ साली जर्मन वैमानिकाला वरून दिसेपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. तिथे ना गाव, ना चूल, ना सासर. म्हणजे बायकांनी इथे येऊ नये, असं सांगणारंही कुणी नव्हतं. पण माणूस जिथे जातो तिथे रूढी गाठोड्यात बांधून नेतो. अमेरिकेसारख्या देशानेही १९६९पर्यंत आपल्या स्त्री-शास्त्रज्ञांना तिकडे पाठवलं नव्हतं.

आपल्याकडे हे दार १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत उघडलं. दोघीजणी गेल्या. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या डॉ. अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या. दुसऱ्या, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. एकीने समुद्र तपासला, दुसरीने शिर्माखरचे खडक. कुणाची सोबत म्हणून नव्हे, स्वतःच्या विद्येवर गेल्या, हे ध्यानात घ्या बायांनो.

तरी सगळं एका दमात झालं नाही. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं ठाणं उभं राहिलं. पण १९८४चा हिवाळा, महिनोन्‌महिन्यांची ती थंडी, तिथे काढायला मागे राहिले ते पुरुषच. बायकांना तिथला हिवाळा काढायला मिळाला तो पुष्कळ वर्षांनी. २०१६ साली इस्रोच्या मंगला मणी 'भारती' ठाण्यावर गेल्या. वय छप्पन्न, २३ जणांत एकट्या बाई, आणि राहिल्या ४०३ दिवस.

छप्पन्नाव्या वर्षी आपल्याकडे बाईला काय सांगतात? आता नातवंडं सांभाळा, जप करा. तेही चांगलंच आहे. पण घरातल्या एखाद्या मुलीने समुद्राचा नाहीतर दगडांचा अभ्यास करायचा म्हटलं, तर 'त्याचा उपयोग काय' असं विचारण्याआधी तिला या तिघींची नावं सांगा.