पाण्याखालचे दोन दूत

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील इस्रोच्या नियंत्रण-केंद्राकडे साऱ्या देशाचे कान लागले होते. पावणेचार लक्ष किलोमीटरांहून अधिक अंतरावरून रेडिओलहरी सव्वा सेकंदात संदेश आणीत होत्या. त्याच लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मात्र काही हातांतच विरून जातात. मग सागरतळी फिरणाऱ्या दोन यंत्रमानवांनी परस्परांशी बोलावे कसे?

१८२६ साली जिनिव्हा सरोवरावर कोलादों आणि स्टर्म यांनी एक प्रयोग केला. एका नावेतून पाण्यात घंटा वाजविली आणि त्याच क्षणी दारूचा भडका उडविला. साडेतेरा किलोमीटरांवरील दुसऱ्या नावेतून भडका तत्काळ दिसला. घंटा मात्र नऊ सेकंदांहून थोड्या अधिक वेळाने ऐकू आली. त्यावरून ध्वनीचा पाण्यातील वेग सेकंदाला १४३५ मीटर ठरला.

ध्वनी पाण्यातून कोसच्या कोस जातो, पण सावकाश. शिवाय त्याला मजकूर थोडाच पेलतो. प्रकाश शीघ्रगती आहे, विपुल मजकूर वाहतो. परंतु स्वच्छ पाण्यातही काही दशक मीटरांपलीकडे त्याचा टिकाव लागत नाही. २००५ साली अमेरिकन व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी या दोहोंची सांगड घातली. दुरून ध्वनीने हाक द्यावयाची आणि जवळ येताच प्रकाशाने साठविलेली माहिती उचलावयाची, अशी ती योजना होय.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही ‘माया’ हे स्वयंचलित पाणयान घडविले आहे. परंतु पावसाळ्यात मांडवी-झुवारीच्या मुखाशी पाणी गढूळ होते. तेथे एकाच दूतावर विसंबून चालत नाही. प्रकाश मंदावला, की हरवू पाहणाऱ्या यंत्राला ध्वनीनेच माघारी बोलवावे लागते.