डोळ्यांचा थकवा: मोबाइलच्या आधीची गोष्ट

परीक्षा जवळ आली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं, संध्याकाळी डोकं ठणकतं." मुलाचे बोलणे संपायच्या आत आई म्हणते, "दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो, दुसरं काय होणार!" आईचे फारसे चुकत नाही. पण आता नोट्स, लेक्चर, सराव परीक्षा सगळे स्क्रीनवरच असते. मग अभ्यास सोडायचा का? हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही.

इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. कोणत्या व्यवसायामुळे कोणते आजार होतात, यावर त्यांनी 1700 मध्ये ग्रंथ लिहिला. अतिशय बारीक काम करणाऱ्या कारागिरांचे डोळे थकतात, हे त्यांनी नोंदवले. त्यांचा सल्ला साधा होता: मधून मधून काम खाली ठेवा आणि नजर दुसरीकडे वळवा. तेव्हा विजेचा दिवाही नव्हता!

पुढे एकोणिसाव्या शतकात वाचताना डोळे दुखण्याला 'दृष्टीचा अशक्तपणा' समजले जाई. डोळे जातील या भीतीने काही डॉक्टर रुग्णांना शिक्षण किंवा धंदा सोडायला सांगत. 1864 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टचे डॉ. डोंडर्स यांनी या दुखण्याचे एक मोठे कारण स्पष्ट केले. यातील अनेकांना प्लस नंबर होता. जवळचे पाहण्यासाठी त्यांच्या डोळ्यांतील स्नायूंना सतत जादा ताण द्यावा लागे. योग्य चष्मा मिळाला की तक्रार कमी होई. म्हणजे शिक्षण सोडायची गरज नव्हती, कारण शोधायची होती.

पण चष्म्याचा नंबर बरोबर असूनही डोळे चुरचुरतात, त्याचे काय? त्याचे उत्तर बहुतेक वेळा अश्रूंमध्ये असते. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि प्रत्येक वेळी पापणी मिटली की तो नव्याने पसरतो. डोळ्यात पुरेसे पाणी तयार होते का, हे कागदाच्या पट्टीने मोजायची पद्धत जर्मनीच्या डॉ. शिर्मर यांनी 1903 मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे.

1993 मध्ये जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या डॉक्टरांनी ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत असताना मिनिटाला सरासरी 22 वेळा, पुस्तक वाचताना 10 वेळा आणि कॉम्प्युटरसमोर फक्त 7 वेळा! शिवाय पुस्तक वाचताना नजर खाली असते, समोरच्या स्क्रीनकडे पाहताना डोळे जास्त उघडे राहतात. पाणी लवकर सुकते आणि चुरचुर सुरू होते.

या इतिहासातूनच आपले उपाय निघतात:

- दर 20 मिनिटांनी 20 फूट दूरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहा. रामाझ्झिनींचाच सल्ला, फक्त आकडे नवे.
- त्या वेळी पापण्या पूर्ण मिटून उघडा.
- स्क्रीन हातभर अंतरावर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा.
- पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको.
- डोळे तपासून घ्या. लहानसा नंबरही त्रास देऊ शकतो.

एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणून घालू नका. काही ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असते. त्याने लाली पटकन जाते, पण जास्त दिवस वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ती हानी भरून येत नाही. स्क्रीनमुळे आलेला थकवा मात्र बहुधा विश्रांतीने जातो.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अचानक अंधुक झाली असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरताना डोळा लाल झाला असेल, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

आणि पालकहो, मुलाने डोळे दुखतात म्हटले की लगेच रागावू नका. आधी शेवटची डोळे तपासणी कधी झाली होती, ते आठवा.