शरीराचे नैसर्गिक संरक्षक अडथळे

रोगकारक सूक्ष्मजीवांना शरीरात शिरण्यापासून रोखणारी त्वचा, श्लेष्मल पटले व त्यांवर पसरणारे स्राव यांना शरीराचे नैसर्गिक अडथळे म्हणतात. जन्मजात प्रतिकारशक्तीची ही पहिली फळी होय. ती विशिष्ट जंतू ओळखत नाही. सर्वांनाच सारखा विरोध करते.

त्वचा

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिनयुक्त मृत पेशींचा असतो. या पेशी सतत गळतात व त्यांबरोबर जंतूही निघून जातात. घाम आणि तैलग्रंथींचा स्राव यांमुळे त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी राहतो. जखम किंवा भेग पडल्यास हा अडथळा खंडित होतो. भातलावणीत चिखलात काम करताना लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमांतून शरीरात शिरू शकतात.

श्लेष्मल पटले व स्राव

श्वासमार्गातील चिकट श्लेष्म्यात धूळ व जंतू अडकतात आणि सूक्ष्म रोमके तो घशाकडे ढकलतात. अश्रू व लाळेतील लायसोझाइम हे विकर जीवाणूंची पेशीभित्ती तोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल अन्नपाण्यातील बहुसंख्य जंतू नष्ट करते. आतड्यातील उपयुक्त जीवाणू जागा व पोषकद्रव्ये व्यापून रोगजंतूंची वाढ रोखतात.

कुपोषणाचा परिणाम

कुपोषणामुळे हे अडथळे दुबळे होतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे, श्वासमार्ग व आतडे यांची अस्तरे कोरडी पडतात. प्रथिने व जस्त यांच्या कमतरतेमुळे पेशींची झीज भरून येत नाही. त्यामुळे अतिसार व न्यूमोनिया बळावतात, भूक मंदावते आणि कुपोषण अधिक वाढते.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ च्या सुमारास झालेल्या बालमृत्यूंमुळे हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. त्या वेळी जव्हार व मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली.

संरक्षण

जन्मानंतर लगेच दिलेल्या मातेच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, प्रतिपिंडे असतात व ती बाळाच्या आतड्याचे रक्षण करतात. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार, 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा, शुद्ध पाणी व साबणाने हात धुणे यांमुळे नैसर्गिक अडथळ्यांना बळ मिळते.