मातेचे मन की कक्षाची व्यवस्था? : नवजात अतिदक्षता विभागातील पालकांच्या ताणाचे मापन

अकाली जन्मलेल्या अर्भकाचे वजन व तापमान यांची काटेकोर नोंद वैद्यकाने फार पूर्वीपासून ठेवली. त्याच्या आईवडिलांचा ताण मोजण्याचे प्रमाणित साधन मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. या मापनाचा इतिहास म्हणजे ताणाचे कारण कोठे शोधावे, याविषयीच्या बदलत्या धारणेचा इतिहास होय.

अर्भकापासून दुरावलेल्या मातेची ओढ ओसरत जाते, हे निरीक्षण पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ प्येर ब्यूदँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले होते. तथापि संसर्गाच्या भीतीने अमेरिकेतील रुग्णालयांनी पुढील कित्येक दशके पालकांना काचेपलीकडेच ठेवले. १९६० मध्ये लुई ग्लक यांनी येल येथे नवजात अर्भकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी डेव्हिड कॅप्लन व एडवर्ड मेसन यांनी अकाली प्रसूतीनंतरच्या मातेच्या प्रतिक्रियेकडे ‘तीव्र भावनिक विकार’ या दृष्टीने पाहिले. उपचार अर्भकावर आणि निदान मातेच्या मनाचे, अशी ही विभागणी होती. रुग्णालयाची व्यवस्था चौकशीबाहेरच राहिली. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी मातांना कक्षात प्रवेश दिला, तेव्हा संसर्गात वाढ आढळली नाही.

मार्गारेट माइल्स, सँड्रा फंक व जॉन कार्लसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीने प्रश्नाचा रोख पालकाच्या स्वभावाकडून परिस्थितीकडे वळवला. कक्षातील दृश्ये व आवाज, अर्भकाचे रूप व वर्तन, आणि पालकाच्या भूमिकेत झालेला बदल असे तिचे तीन विभाग आहेत. प्रत्येक अनुभव किती ताणदायक वाटला, हे पालकाने १ ते ५ या अंकांत सांगावयाचे असते. यंत्रांचे गजरच सर्वाधिक त्रास देत असावेत, असे त्रयस्थास वाटते. परंतु अनेक अभ्यासांत सर्वाधिक गुण तिसऱ्या विभागाला मिळाले. बाळाला स्वतः पाजता न येणे, वाटेल तेव्हा कुशीत घेता न येणे, हे दुःख गजरांहून मोठे ठरले.

भारतात २०१७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने नवजात कक्षातील शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. या श्रेणीने दाखवलेल्या दुराव्याला उत्तर देणारे हे धोरण आहे. मात्र उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, गावापासूनचे अंतर यांना मूळ श्रेणीत स्थान नाही. श्रेणी जे विचारते तेवढेच मोजले जाते. म्हणून आपल्याकडील पालकांसाठी तिचे केवळ भाषांतर पुरेसे नाही, प्रश्नांचीही नव्याने निवड व्हावयास हवी.