पदरमोड करणारा सारथी

मोटारींच्या शर्यतीत उतरणारे लोक दोन प्रकारचे. एकाला कारखाना गाडी देतो, पगार देतो, मिस्त्री देतो. त्याने फक्त हाकायचे. दुसरा स्वतःच्या पैशाने गाडी विकत घेतो, स्वतःच मिस्त्री ठेवतो आणि गाडी मोडली की स्वतःच्याच खिशात हात घालतो. या दुसऱ्या जातीतला एक तरुण मला फार दिवस खुणावीत आला आहे. त्याचे नाव व्हिटनी स्ट्रेट.

हा मूळचा अमेरिकेचा. न्यूयॉर्कला १९१२ साली जन्मला. सहा वर्षांचा असताना वडील गेले. पॅरिसमध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने त्यांना ओढून नेले. आई डोरोथी ही व्हिटनी या गडगंज घराण्यातली. तिने १९२५ मध्ये लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज गृहस्थाशी पुनर्विवाह केला. हे नाव आपल्याला परके नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनाजवळ सुरूल येथे ग्रामसुधारणेचे काम १९२२ साली ज्याच्या हाती सोपवले, तोच हा एल्महर्स्ट. पुढे श्रीनिकेतन म्हणून नावारूपाला आलेल्या त्या कामाला पैसा पुरवला तो डोरोथीनेच. म्हणजे ज्या तिजोरीतून बंगालच्या खेड्यांत मदत गेली, त्याच घरातल्या पोराने पुढे शर्यतीच्या मोटारी घेतल्या! श्रीमंतांच्या घरचा पैसा कोणत्या वाटेने कुठे जाईल, सांगवत नाही.

एल्महर्स्ट दांपत्याने इंग्लंडात डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल ही जुनी वास्तू घेऊन तिथे शाळा, शेती, कला यांचा प्रयोग मांडला. तिथे वाढलेला व्हिटनी वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच एकट्याने विमान उडवू लागला होता. परवाना मिळण्याइतके वयही झाले नव्हते. पुढे केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात नाव घातले खरे, पण शनिवार-रविवारी स्वारी स्वतःच्या विमानात बसून शर्यतीला जाई. पुस्तकांवर धूळ बसली असणार. मास्तराच्या पेशातला माणूस मी, मला हे आवडू नये, पण आवडते.

१९३४ साली त्याने स्वतःची शर्यतीची कंपनीच काढली. इटलीहून तीन लिटरच्या, आठ सिलिंडरांच्या तीन नव्या मासेराती गाड्या आणल्या. नुसत्या आणून स्वस्थ बसला नाही. रीड रेल्टन या कसबी तंत्रज्ञाकडून त्यांचा सांगाडा बळकट करून घेतला, वेगळ्या धाटणीचा गिअरबॉक्स बसवला, जुन्या जाळीच्या जागी बदामी आकाराची जाळी लावली. आल्फा रोमिओचा मुरलेला इटालियन मिस्त्री ज्युलिओ रांपोनी यालाही कामावर ठेवले. एकवीस वर्षांच्या पोराने बांधलेला हा पसारा कुणा पोक्त व्यापाऱ्याला शोभावा असा होता.

पण साल चुकीचे निघाले. त्याच वर्षी हिटलरच्या सरकारचे अनुदान पाठीशी घेऊन मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्या मैदानात उतरल्या. ऑटो युनियनच्या गाडीला सोळा सिलिंडर, इंजिन चार लिटरांहून मोठे. आणि तरी वजन नियमात बसणारे. एका माणसाची थैली एका राष्ट्राच्या खजिन्याशी झुंजत होती. मोनॅकोला जर्मन नव्हते, तिथे व्हिटनी सातवा आला. २६ ऑगस्टला स्वित्झर्लंडमधल्या ब्रेमगार्टनच्या शर्यतीत ऑटो युनियनचा हान्स स्टुक जिंकला. त्याच शर्यतीत व्हिटनीच्या चमूतला ह्यू हॅमिल्टन मासेराती घेऊन धावत होता. शेवटच्या फेरीत गाडी झाडावर आदळली आणि हॅमिल्टन जागीच ठार झाला. कारखान्याचा माणूस गेला तर कारखाना शोकसंदेश धाडतो. इथे गाडीचा धनी बावीस वर्षांचाही नव्हता, आणि मेलेला त्याचा सोबती होता.

वर्षअखेर व्हिटनी आफ्रिकेला निघाला. सोबत धाकटा भाऊ मायकेल आणि मित्र डिक सीमन. तिघे विमानाने गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन या बंदराच्या गावी २७ डिसेंबर १९३४ रोजी त्या देशाची पहिली ग्रँड प्री झाली. गाड्यांचे बलाबल पाहून कुणाला आधी, कुणाला मागून सोडायची ती पद्धत. व्हिटनीने ताशी पंचाण्णव मैलांच्या वर सरासरी राखून ती जिंकली. मायकेल तिसरा आला. (हा मायकेल पुढे रशियन हेरांच्या केंब्रिजमधल्या टोळीत ओढला गेला आणि १९६४ मध्ये त्याच्याच जबानीने अँथनी ब्लंट उघडा पडला, पण ते पुराण वेगळे.)

आणि इथेच, जिंकलेल्या बाजीवर, व्हिटनीने शर्यती सोडल्या. १९३५ मध्ये लग्न केले आणि विमानतळ चालवणारी कंपनी काढली. एक्झिटर, इप्सविच, वेस्टन अशा गावांचे विमानतळ तिने सांभाळले. वेस्टनहून कार्डिफला जमिनीने जायचे तर खाडीला मोठा वळसा. तिच्या विमानाने काही मिनिटांचे काम. लोक म्हणतील, श्रीमंताचा एक छंद सुटला, दुसरा लागला. मला ते पटत नाही. मिस्त्री जमवणे, सुटे भाग वेळेवर पोचवणे, माणसे आणि यंत्रे परदेशी हलवणे, हे तो शर्यतीतच शिकला होता. खाजगी थैलीने जिथे काही उभे राहू शकत होते, तिथे त्याने ती नेली.

सीमनने दुसरी वाट धरली. तोही आधी पदरमोड करूनच धावे. मग १९३७ साली मर्सिडीजने त्याला घेतले. १९३८ची जर्मन ग्रँड प्री त्याने जिंकली आणि सभोवार हात उंचावलेल्या गर्दीत हा इंग्रज तरुण हार गळ्यात घालून उभा राहिला. पुढच्या वर्षी २५ जूनला बेल्जियममध्ये स्पा येथे गाडी घसरून पेटली; त्यातच तो गेला. अंत्ययात्रेला हिटलरने पुष्पचक्र पाठवले. दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले.

त्या युद्धात व्हिटनी इंग्लंडच्या हवाई दलात होता. १९४० च्या एप्रिलमध्ये नॉर्वेत एका गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ उपसून त्याने विमाने उतरण्याची जागा तयार करवली. पुढल्या साली फ्रान्सवर त्याचे विमान पाडले गेले. पायी भटकत जवळजवळ स्पेनची हद्द गाठली, तेव्हा पकडला गेला. १९४२ मध्ये कैदेतून निसटून जिब्राल्टरला पोचला. युद्धानंतर ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचा कारभार त्याने १९४७ पासून पाहिला, आणि १९५५ मध्ये रोल्स-रॉईसमध्ये गेला. १९७९ च्या एप्रिलमध्ये तो वारला.

त्याच्या तीन मासेरातींपैकी एक सयामच्या राजघराण्यातल्या बिरा नावाच्या राजपुत्राकडे गेली. ती त्याच्या चुलतभावाने त्याला घेऊन दिली होती, पदरच्याच पैशाने. बदामी जाळी तशीच ठेवून बिरा ती पुढे कित्येक शर्यतींत धावडवीत होता.