मिल्किंग मशीन आणि दगडी : जुनी गोष्ट



उमरठ म्हटलं की लोकांना तानाजी मालुसऱ्यांची समाधी आठवते. आज मात्र गोठ्यातला इतिहास सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका संकरित गाईचा मागचा सड दगडीने कायमचा बाद झाला, आणि मी सगळा दोष मशीनला देऊन मोकळा झालो होतो.

आपल्या गावठी गाईला मशीन लागलंच नाही. दीड-दोन लिटर दूध, वासरू लावलं की पान्हा, मुठीने धार, झालं काम. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ सुरू केली. होल्स्टीन-जर्सीचं रेतन गावोगाव गेलं, पंधरा-वीस लिटरच्या गाई आल्या. मग मनगटं भरून यायला लागली अन् मशीन आलं.

मशीन तसं फार जुनं. स्कॉटलंडात किल्मार्नॉकच्या विल्यम मर्चलंडने १८८९ मध्ये हवेच्या ओढीवर दूध काढणारं मशीन केलं. पण ओढ सतत. सडाला उसंत नाही, रक्त टोकाशी साचून सड सुजणार. वासरू असं पीत नाही हो. ते ओढतं, घोट गिळतं, तेवढ्यात सड सैल सोडतं. ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर शील्ड्सने १८९५ च्या सुमारास ‘थिसल’ मशीनला पल्सेटर बसवला. ओढ मधे मधे सुटायला लागली. पुढे १९०३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात गिलीजने दोन कप्प्यांचा कप केला, बाहेर कवच, आत रबर. आपण आजही तोच लावतो. मिनिटाला साधारण ६० वेळा रबर मिटतं आणि सड चोळला जातो.

तरी दगडी गेली नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडात रीडिंगजवळच्या दुग्ध संशोधन संस्थेने त्यावर भर दिला: धार झाली की सड जंतुनाशकात बुडवा, गाय आटवताना चारही सडांत औषध सोडा. धारेनंतर अर्धा तास तरी सडाचं तोंड उघडं असतं, रोग तिथूनच शिरतो.

आता माझं चुकलं ते. रबरी लायनर २५०० धारांनंतर बदलायचा. सहा गाई, दोन वेळा, रोज १२ धारा. म्हणजे सात महिने. मी दोन वर्षं चालवला! त्यात जुलैत धार चालू असतानाच लाईट जायची. ओढ कमी-जास्त झाली की कपात हवा शिरते अन् दूध उलटं सडाच्या तोंडावर आपटतं. वर ओल्या गोठ्यात गाय लगेच बसायची.

आता लाईट गेली की आधी कप काढतो. धारेनंतर आयोडीनमध्ये सड बुडवून पुढ्यात हिरवा चारा टाकतो, गाय उभी राहते. तीन सडांवर ती आठ लिटर देते.

तुमचा लायनर कितव्या महिन्यात आहे? खाली लिहा.